कोल्हारची परात

माझ्या निरोप समारंभात मला खुर्चीवर बसवून चपला काढायला सांगितल्या, तेव्हा माझं जे डोकं फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही. लोक म्हणतात, रिटायर झालात, आता शांत व्हा. शांत व्हायला मी काय दूध आहे, गॅस बंद केला की बसले खाली?

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते नीट कळलेलं नाही. ती म्हणते, "ती गोरी पोरं फिरवायचीस ना?" फिरवायची म्हणे! अमेरिकेतल्या ख्रिस्ती कॉलेजांची पोरं-पोरी दरवर्षी पावसाळा सरला की चार महिने नगरला शिकायला यायची. मराठी, शेती, आपली ख्रिस्ती मंडळी, आपली उपासना, सगळं शिकायची. तीस वर्षं तो कार्यक्रम मी चालवला. व्हिसाच्या कागदांपासून जुलाबाच्या गोळ्यांपर्यंत सगळं माझ्या गळ्यात. त्यातले तीन आठवडे पोरी खेड्यात, एकेका घरी राहायच्या. खरं शिक्षण तिथंच व्हायचं. बाकीची माझी व्याख्यानं म्हणजे नुसती बडबड.

अशी घरं मिळवायला मी सुरुवातीला दारोदार हिंडले. कुणी म्हणे, बाटवायला आल्यात. कुणी म्हणे, ह्यांना खायला काय घालायचं? कोल्हारच्या एका शेतकऱ्याच्या घरात मात्र बाईनं दारातच विचारलं, "भाकरी खात्यात का?"

"शिकवलीत तर खातील," मी म्हटलं.

"मग येऊ द्या की!"

त्या कोल्हारच्या काकू. वयानं माझ्याच बरोबरीच्या, पण पोरी काकू म्हणायच्या म्हणून मीही म्हणायला लागले. त्या मला बाई म्हणतात. कार्यक्रम उभा राहिला तो त्यांच्या चुलीपाशी. एक घर मिळालं, ते बघून दुसरं मिळालं, मग गावंच्या गावं मिळाली. माझ्या पोरी पिठात हात घालून तासन्‌तास काकूंच्या शेजारी बसायच्या, आणि भाकरी तुटली की काकू म्हणायच्या, "असू दे गं, नकाशा झालाय. खाऊन टाक."

आता माझा पराक्रम ऐका. शेवटच्या दिवशी पोरींनी घरच्या बाईचे पाय धुवायचे, अशी प्रथा मी पाडली. बायबलात प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसे. कल्पना माझी आणि अभिमानही माझाच. काकूंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. "बाई, हे नगं. पाव्हन्याला पाय धुवाया पानी आमी द्यायचं. पाव्हन्यानं आमचं पाय धुवायचं, ही कुठली रीत?"

"अहो, एवढ्या लांबून आल्यात पोरी. त्यांचं मन मोडू नका," मी म्हटलं.

काकूंनी मुकाट्यानं घमेलं आणलं. मी म्हटलं, घमेलं नको, फोटोत बरं दिसत नाही, ती भिंतीला लावलेली पितळी परात द्या. ती त्यांची माहेरची परात, रोज भाकरीचं पीठ मळायची. त्यांनी परातीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि दिली. पाय धुताना पदर तोंडावर ओढून बसल्या. पुढं दरवर्षी तशाच बसायच्या. मी अहवालात इंग्रजीत लिहायचे की घरच्या बाईला अश्रू आवरले नाहीत. पदराच्या आत काय आहे ते मी एकदाही विचारलं नाही.

तर समारंभ. सकाळी हॉलच्या दारात पोचले तर वर हा भलामोठा फ्लेक्स. माझं नाव, आणि खाली फोटो: पितळी परात, त्यात भेगाळलेले दोन पाय, आणि ते धुणारे गोरे हात. फ्लेक्सखाली काकू उभ्या. कोल्हारहून एसटीनं आलेल्या, काखेत जुन्या लुगड्यात बांधलेलं काहीतरी जड.

"बाई, ही बोटं माझीच हायेत की," त्या म्हणाल्या. "ह्यो अंगठा बघा, खुरपं लागल्यालं हाय. तोंड न्हाई घेतलं व्हय?"

मी ऑफिसातल्या कोऑर्डिनेटरवर तुटून पडले. अगं, माणसाचे पाय टांगता चव्हाट्यावर आणि तोंड कापता? लाज आहे का काही? ती बिचारी हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्याच पहिल्या माहितीपत्रकातला फोटो आहे. कापलाही तुम्हीच होता."

घ्या!

काकूंनी विचारलं, "चार शबूद बोलायचं ठरवून आलेय. बोलू देतील ना? बसमधी घोकत आलेय."

कोऑर्डिनेटरनं हातातला कागद पाहिला. कार्यक्रम फार गच्च आहे, म्हणाली, भाषणांत काकूंचं नाव नाही. "परात तेवढी द्या." तेव्हा मला कळलं. काकूंना फोन गेला होता तो परातीसाठी. बाई आली काय, न आली काय, परात यायला हवी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चर्चचे पाळकसाहेब आले, पाहुणे आले, हार आले, आणि मला हाताला धरून स्टेजवर नेलं. मी गेलेही. ह्याचा राग मला सगळ्यात जास्त येतो.

भाषणं झाली. मी म्हणजे पूल, मी म्हणजे दिवा. मग नवीन डायरेक्टर उठला. अमेरिकेतून आलेला, माझ्या मुलाच्या वयाचा, भला माणूस. भल्या माणसांचा जास्त राग येतो, त्यांना धड शिवीही देता येत नाही. तो म्हणाला, ज्या बाईंनी आम्हाला पाय धुवायला शिकवलं, त्यांचे पाय आज मी धुणार. टाळ्या! माझ्यासमोर परात आली. कोमट पाणी, त्यात गुलाबाच्या पाकळ्या. तो गुडघ्यावर बसला. चार मोबाईल माझ्या पायांवर रोखलेले. मला माझ्या नखांची लाज वाटली, टाचांची लाज वाटली, हात कुठं ठेवावेत ते कळेना. त्याचा हात घोट्याला लागला आणि माझाच हात आपोआप पदराकडं गेला, तोंडावर ओढायला.

समोर तिसऱ्या रांगेत काकू बसल्या होत्या. हसत नव्हत्या, रडत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

मी पाय ओढले. पाणी स्टेजभर सांडलं. "माईक द्या इकडं!" मी ओरडले. म्हटलं, "कोल्हारच्या काकू बोलणार आहेत. त्या बोलल्याशिवाय जेवण नाही."

काकू आल्या. माईक दोन्ही हातांनी धरला. "लई पोरी आल्या," त्या म्हणाल्या. "गुनाच्या पोरी. मी भाकरी शिकवली, त्यांनी मला सायकल शिकवली. येत जावा. पन पाय धुतल्यालं मला कधी आवडलं न्हाई. लई लाज वाटायची. त्या परातीत मी परत पीठ मळलं न्हाई. बाईंना मी पयल्याच वर्षी सांगितलं हुतं. बाईंनी ऐकलं न्हाई."

डायरेक्टर ओल्या हातांनी तसाच बसलेला. त्यानं वर माझ्याकडं पाहून इंग्रजीत विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

तीस वर्षं काकूंचं बोलणं मीच इंग्रजीत करत आले होते. सोयीचं ठेवायचं, उरलेलं गोड करायचं. आताही जमलं असतं, एका वाक्यात. काकू माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी शब्दाला शब्द सांगितलं. शेवटच्या वाक्याला आवाज फाटला, म्हणून ते पुन्हा सांगावं लागलं. बाईंनी ऐकलं नाही.

जेवायला काकू थांबल्या नाहीत. तारकपूरच्या स्टँडवर त्यांना सोडायला गेले. परात परत लुगड्यात बांधलेली. मी म्हटलं, "काकू, ती मला द्या. मी तुम्हाला नवी आणून देते."

"तुमाला कशाला? माहेरची हाय माझ्या," त्या एकदम तडकल्या. "चिंचेनं घासते आन् उद्यापासून मळते तिच्यात."

बस लागली. पायरीवर चढून त्या वळल्या. "या भाकरी खायला, बाई. पन पाय घरूनच धुवून या."

मी अजून गेलेले नाही. कोल्हारची बस रोज दारावरून जाते. लाज वाटते, आणि त्या लाजेचाच राग येतो.