बगळे उतरू द्या

रोवणीला शेवंताबाई सगळ्यांच्या आधी यायच्या आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नुसत्या उभ्या राहायच्या. मागे त्यांच्या टोळीतल्या दहा-बारा बाया साड्या खोचून तयार, शेजारी परे, म्हणजे धानाच्या रोपांच्या पेंढ्या. समोर बांधीत, धानाच्या वाफ्यात, ट्रॅक्टर चिखल करतोय, शेतकरी दर दोन मिनिटांनी मोबाइलमध्ये वेळ बघतोय आणि ही बाई बघतेय बगळ्यांची वाट. ट्रॅक्टरमागे बगळे उतरले, चिखलातले किडे-गांडुळं टिपायला लागले, की म्हणायच्या, "चला वं बायांनो." बगळे उतरले नाहीत, तर टोळी जागची हलायची नाही. मग शेतकरी कितीही मोठा असो, त्यानं आरडाओरडा करो की हात जोडो.

माझी त्यांची पहिली भेट अशाच एका तंट्यात झाली. मी मूळचा आंधळगावचा. कृषी सहायक म्हणून सानगडीकडे नवा-नवा गेलो होतो. एका शेतकऱ्याचा फोन आला, "साहेब, बगळ्यायले आज सरकारी सुट्टी हाये का? येऊन या बाईले समजवा, माहे परे सुकून राहिले." मी मोटरसायकल काढून गेलो. पदवी ताजी होती, त्यामुळे मला सगळंच समजावता येत होतं. म्हटलं, "मावशी, बगळे आज तलावाकडे गेले असतील. शास्त्र असं पाखरांवर चालत नाही."

त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. म्हणाल्या, "साहेब, बगळा भुका राहीन, पन येडा नाई राहत. ज्या बांधीत तो पाय टाकत नाई, त्या बांधीत मी काहून टाकू?" मग साडी जरा वर घेऊन पाय दाखवले. बोटांच्या बेचक्यांत जुन्या जखमांचे पांढरे वण होते, दोन नखं कायमची गेलेली. "त्या साली बगळे उतरले नवते. मी उतरली."

शेतकऱ्यानं आधी कानांवर हात ठेवले. धुऱ्यालगत गवतात किडीच्या दाणेदार औषधाची रिकामी पिशवी सापडल्यावर मात्र म्हणाला, सकाळी थोडंसं टाकलं होतं, अगदी थोडंसं. शेवंताबाई भांडल्या नाहीत. "चार दिसानं येतो. पानी काढून ठेवा," म्हणाल्या आणि टोळी घेऊन दुसऱ्या शेतावर निघून गेल्या.

'औषध' या शब्दाचा त्यांना भारी राग होता. मी सभेत तो शब्द उच्चारला, की मागून आवाज यायचा, "औषध बिमार मानसाले देतेत जी. हे जहर हाये, जहर म्हना." एकदा मी पिशव्यांवरच्या रंगीत त्रिकोणांचा तक्ता भिंतीवर लावला. लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. सगळे माना डोलवत होते. शेवंताबाईंनी विचारलं, "तक्ता झ्याक हाये. पन तो बगळ्याले कोन वाचून दाखवते?" सभा हसली. मीही हसलो, आणि त्या हसण्याची मला आज चीड येते. कारण त्या विनोद करत नव्हत्या. त्यांच्या घरामागच्या चिंचेवर बगळ्यांचे खोपे होते. पूर्वी पडलेलं अंडं हातात टणक लागायचं, आता कागदासारखं चुरगळतं, पिल्लंही कमी निघतात, असं त्या मला पुन्हा पुन्हा सांगत. मी 'बघू' म्हणायचो. वर कळवतो म्हणायचो. कळवलं कधीच नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो. गणपतराव हे गावातले वजनदार शेतकरी. आदल्या वर्षी गादमाशी या किडीनं त्यांचं धान पोकळ केलं होतं. म्हणून त्यांनी मला उपाय विचारला आणि मी दाणेदार औषध सुचवलं, रोवणीच्या वेळी चिखलात टाका म्हणून. चिठ्ठीवर लिहून दिलं, खाली सही केली. बाया चिखलात असताना टाकू नका, हे लिहायचं मला सुचलं नाही. इतकं तर कोणालाही कळतं, असं मी धरून चाललो.

गणपतरावांना शेवंताबाईंचा नेम पक्का ठाऊक होता. म्हणून त्यांनी सकाळी वरच्या बांधीत काहीच टाकलं नाही. बगळे उतरले, टोळी उतरली, दुपारपर्यंत ती बांधी रोवून झाली. बाया मोहाच्या झाडाखाली भाकरी सोडायला बसल्या. तेवढ्यात गणपतरावांच्या गड्यानं युरियात ते दाणे मिसळून खालच्या बांधीत फेकले. बायांना वाटलं, खत टाकतोय. बगळे खालच्या बांधीत आधीच चरत होते. बगळे आहेत, म्हणजे बांधी चांगली आहे, असा हिशेब करून शेवंताबाईंनी जेवण उरकताच टोळी खाली उतरवली. आयुष्यात एकदाच बगळ्यांनी त्यांना फसवलं, आणि तेही माणसानं बगळ्यांना फसवलं म्हणून.

अर्ध्या तासात पहिला बगळा पडला. पंख पसरून चिखलात गोल गोल फिरू लागला, चोचीतून फेस. मग दुसरा, तिसरा. शेवंताबाई ओरडल्या, "निंगा! बाहेर निंगा वं!" तोवर दोघींना ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या, त्यातल्या एकीची लाळ थांबत नव्हती. शेवंताबाईंनी स्वतःच्या घागरीतल्या पाण्यानं सगळ्यांचे हातपाय धुतले आणि दोघींना ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात पाठवलं. दोघी वाचल्या. नंतर शेवंताबाई एकट्याच परत बांधीवर गेल्या, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून मेलेले बगळे गोळा केले. बरेचसे पुरून टाकले, कुत्र्यांनी आणि घारींनी खाऊन मरू नये म्हणून. थोडे टोपलीत घालून थेट माझ्या टेबलावर आणून ठेवले.

"लिवा साहेब," एवढंच म्हणाल्या.

पुढं जे झालं, ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मेलेली पाखरं तपासणीला पाठवायची तर बर्फ हवा. गुरांच्या दवाखान्यातल्या फ्रिजात लसी होत्या, तिथं नाही म्हणाले. शेवंताबाईंनी मासळीवाल्याकडून बर्फ मागून आणला. पण मधे शनिवार-रविवार आला, सोमवारी पत्रावर सहीला साहेब नव्हते. पाच दिवसांनी डबा गेला आणि उत्तर आलं, 'नमुना तपासणीस अयोग्य.' नासवला आम्ही आणि अयोग्य ठरले बगळे! गणपतराव तोवर गावभर सांगत सुटले होते, की बायांना ऊन लागलं. मी विचारलं, "आणि बगळ्यांना?" तर म्हणाले, "त्यायलेही लागलं असन." पुढं आवाज खाली आणून म्हणाले, "चिठ्ठी तुमची हाये ना, साहेब? मी जपून ठेवली हाये."

मी मूग गिळून बसलो. वरून फोन आला होता, 'कारण लिहीत बसू नका.' पण खरं सांगायचं तर त्या फोनची गरजच नव्हती. माझी सही मला पुरेशी होती. ग्रामपंचायतीत मी अहवाल वाचून दाखवला, की पक्ष्यांच्या मृत्यूचे निश्चित कारण समजू शकले नाही. शेवंताबाई दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुमाले समजलं होतं, साहेब." राग असता तर सोसला असता. त्यांच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. त्यानंतर त्या मला रस्त्यात 'जयभीम' घालायच्या, पण थांबायच्या नाहीत.

त्या वर्षीपासून त्यांनी नेम बदलला. बगळे उतरले तरी टोळी उतरण्याआधी त्या स्वतः प्रत्येक बांधीचा चिखल हुंगायच्या, मुठीत घेऊन चाळायच्या. जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली बसणं सोडलं. बांधीत पाय सोडून धुऱ्यावरच भाकरी खायच्या. आणि लोक त्यांना हसायचे. मी कोंढ्याकडं बदली मागून घेतली.

सहा वर्षांनी त्यांची मुलगी वंदना हिचा फोन आला. आई गेली. कशानं गेली ते मला माहीत नाही, आणि या खेपेला मी अंदाजानं काही लिहिणार नाही. पुण्यानुमोदनाला गेलो. त्रिशरण-पंचशील झालं, लोक बोलायला उठले. गणपतरावही उठले. म्हणाले, "बाई मोठी पक्षीप्रेमी होती. पाखरावर लय माया होती तिची." लोकांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं. माया? ती बाई दहा-बारा जणींच्या पायांसाठी, हातांसाठी, फुफ्फुसांसाठी बगळ्यांवर नजर ठेवून उभी राहायची. जे पाखराला मारतं ते आपल्याला सोडत नाही, एवढं साधं सत्य ती आयुष्यभर सांगत होती. आणि तुम्ही तिला दाणे टाकणारी म्हातारी करून मोकळे झालात.

मी उठलो. सगळ्यात जास्त संताप माझाच मला आला होता. म्हणालो, "ते बगळे विषानं मेले होते. ते विष जेवणाच्या सुट्टीत बांधीत टाकलं गेलं. दोन बाया त्याच विषानं आजारी पडल्या. ते टाकायची चिठ्ठी मीच लिहून दिली होती, आणि अहवालात मी खोटं लिहिलं." गणपतराव मान खाली घालून चप्पल शोधू लागले. मला वाटलं, चला, एकदाचं ओझं उतरलं.

वंदना उठून घरात गेली. आईसारखीच बारकी, आईसारखीच न हसणारी. बाहेर आली ती कोरा कागद आणि पेन घेऊन. ते माझ्यासमोर धरून म्हणाली, "तोंडानं सांगून का होते जी? त्या साली माही आई तुमच्याकडे आयकाले नवती आली. लिवा."

मी तिथंच सतरंजीवर बसून लिहिलं. सही केली. वंदनानं कागद उभ्या-उभ्या वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"चिठ्ठी तुमीच लिवली होती, ते राहिलं," ती म्हणाली.