क्रिमिया, चांदा आणि माझं ‘मले’

१९५४ साली रशियाने क्रिमिया युक्रेनला देऊन टाकला, आणि आठ दिवसांनी ही बातमी आमच्या गावात येऊन पोचली. चांद्याहून, म्हणजे आजच्या चंद्रपूरहून, निघालेली बस आलापल्लीच्या जंगलात बंद पडली नाही, म्हणूनच इतक्या लवकर. गाव सिरोंचा तालुक्यातलं, प्राणहितेच्या काठचं. पलीकडच्या काठावर तेव्हाचं हैदराबाद राज्य, जे पुढे आंध्रात गेलं. मी गावातल्या मिडल शाळेत भूगोल आणि मराठी शिकवायचो, त्यामुळे जगातल्या सगळ्या जमिनींवर आणि सगळ्या मराठीवर आपला हक्क आहे अशी माझी समजूत होती.

हेडमास्तरांनी मधल्या सुट्टीत बातमी मोठ्याने वाचली. तीनशे वर्षांच्या मैत्रीची भेट म्हणून एवढा मुलूख या घरातून त्या घरात गेला होता. सासूने सुनेला लुगडं द्यावं तसा. वाटणी एकाच सोव्हिएत छपराखालची, म्हणून कुणाला फरक पडायचं कारण नव्हतं. तिथले मूळचे तातार लोक दहा वर्षांपूर्वीच उचलून कुठल्या कुठे नेऊन टाकले होते, हे वर्तमानपत्रात नव्हतं. ते मला फार उशिरा कळलं.

आमच्या गणिताच्या मास्तरांनी हळूच विचारलं, "तेथील लोकांना कोणी विचारले का?"

हे मास्तर त्याच गावात जन्मलेले, घरात तेलुगू बोलणारे. मराठी ते एकट्याने पुस्तकांतून शिकले होते, त्यामुळे त्यांचं बोलणं नेहमी छापून आल्यासारखं असे. ‘मला पाणी हवे आहे’ असं ते म्हणाले की शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसायचा. शिपाई स्वतः घरी गोंडी बोलायचा. त्याला आयुष्यात कोणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याला हसायला भरपूर वेळ होता.

मी मास्तरांना समजावून सांगितलं. शाळेच्या कपाटात रशियाहून आलेलं एक गुळगुळीत कागदाचं मासिक होतं आणि ते मी चित्रांसकट वाचलेलं होतं. रशियन आणि युक्रेनी म्हणजे एकच, मी म्हणालो. थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ. युक्रेनी भाषा म्हणजे तरी काय, खेड्यातल्या माणसाने वाकडीतिकडी बोललेली रशियनच. त्यात वेगळेपणाचं एवढं कौतुक कशाला?

"हे कोणी सांगितले?" मास्तर म्हणाले. "रशियन लोकांनी?"

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. अडचणीच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष कसं करावं, हे शिक्षकाला कोणी शिकवावं लागत नाही.

पुढची दोन वर्षं आमच्याच मुलखाच्या वाटणीच्या चर्चेत गेली. कोणी म्हणे सिरोंचा आंध्रात जाणार, कोणी म्हणे चांदा जिल्हा मुंबईला जोडणार. ज्यांनी मुंबई पाहिली नव्हती ते तिच्या बाजूने बोलत, आणि ज्यांना नदीपलीकडे सोयरिक होती ते आंध्राच्या बाजूने. मास्तरांची सासुरवाडी पलीकडे होती, तरी ते कुठल्याच बाजूने बोलत नसत. त्यांची आई आंधळी होती. घरापासून नदीच्या घाटापर्यंतचा रस्ता तिला पायांनी पाठ होता. कुठे चिंचेचं मूळ वर आलंय, कुठे गुरांनी पायवाट खचवली आहे, सगळं. रोज सकाळी ती काठी न घेता घाटावर जाऊन अंघोळ करून यायची आणि वाटेत भेटेल त्याला आवाजावरून ओळखून दोन शब्द बोलायची.

"सामान होडीत घालून कोठेही नेता येईल," मास्तर मला एकदा म्हणाले. "परंतु आईच्या पायांना नवे गाव कोण शिकवील?"

त्यांना दुसरं काही नको होतं. हेच गाव, हीच नोकरी, आणि सकाळी आई न पडता घाटावरून परत आलेली.

छप्पन साली आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. आम्ही मात्र जागचे हललो नाही. नकाशा आमच्या अंगावरून सरकत गेला, बस्स. लगेच पुढच्या वर्षी फर्मान आलं की आमच्या भागातल्या परभाषिक शिक्षकांची मराठीची तोंडी परीक्षा होईल, आणि नापास होईल त्याची नोकरी जाईल. मास्तरांना तयार करण्याचं काम हेडमास्तरांनी माझ्याकडे दिलं.

मी ते फार मनावर घेतलं. इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली, आणि ती हुशारीतून झाली. मास्तरांचं मराठी शुद्ध होतं, पण मला ते जिवंत वाटत नव्हतं. मी त्याच जिल्ह्यातल्या आरमोरीचा. धानाच्या बांध्यांत वाढलेला, झाडीपट्टीची बोली बोलणारा. नागपूरचे लोक आम्हाला ‘झाडीवाले’ म्हणून नाक मुरडायचे, त्याची खुन्नस माझ्या मनात होतीच. मी मास्तरांना म्हणालो, "मला-मला काय करून राह्यले, मास्तर? मले म्हणा. तुमी माणसाशी बोलून राह्यले, पुस्तकाशी नाई."

रोज शाळा सुटल्यावर तासभर आमची शिकवणी चाले. ‘मला’चं ‘मले’ झालं, ‘कोठे’चं ‘कुठी’ झालं, ‘का’चं ‘काऊन’ झालं. शिपाई दाराशी बसून दाद द्यायचा. मास्तर लाजत लाजत बोलायचे, आणि महिन्याभरात असे बोलायला लागले की बाजारात कोणी त्यांना आरमोरीचा जावई समजलं असतं. मी स्वतःवर खूष होतो. गुळगुळीत कागदाच्या मासिकात आपलाही फोटो यायला हरकत नाही, असं मला वाटत होतं.

परीक्षा घ्यायला आलेले साहेब राज्याच्या पश्चिमेकडचे होते. त्यांनी आधी घाम पुसला, मग पाणी उकळलेलं आहे का विचारलं, मग आमच्या जंगलाचं थोडं कौतुक केलं. हेडमास्तर उभे, मी उभा, मास्तर समोरच्या खुर्चीच्या कडेवर. साहेबांनी सांगितलं, गावाविषयी दोन-चार वाक्यं बोला.

मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"मी इथीच जन्मलो, साहेब," मास्तर म्हणाले. "माय आंधळी हाये. तिले ह्या गावाची वाट पाठ हाये. मले हे गाव सोडाचं नाई."

त्यांच्या तोंडून मी इतकं खरं मराठी कधी ऐकलं नव्हतं. साहेब हसले. वाईट माणूस नव्हते ते, मनापासून हसले. "हे मराठी आहे की तेलुगू?" त्यांनी हेडमास्तरांना विचारलं. हेडमास्तर भिंतीवरच्या नकाशाकडे पाहू लागले. मग साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकवलंत ना यांना? तुमच्याकडे असंच बोलतात की काय?"

आता हे सोपं होतं. ‘हो साहेब, असंच बोलतात, माझी आईही असंच बोलते,’ एवढंच म्हणायचं होतं. माझी कायमची नेमणूक त्याच साहेबांच्या सहीवर अडकली होती, हेही सांगून टाकतो. पण तेवढंच कारण नव्हतं. मला लाज वाटली, माझ्याच भाषेची, त्या हसण्यापुढे.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "मला वाटतं, त्यांच्या तेलुगूचा परिणाम असावा."

किती सफाईदार वाक्य होतं ते. साहेबांनी माझ्या उच्चारांचं कौतुक केलं. मास्तरांच्या गुणांचा कागद त्यांनी उलटा करून बाजूला ठेवला. मास्तर उठले आणि सवयीने खुर्ची जागेवर सरकवून बाहेर गेले.

त्या वेळी मला मासिकातलं ते धाकट्या भावाचं वाक्य आठवलं असतं तर गोष्ट बरी दिसली असती. तसं काही झालं नाही. मला भूक लागली होती आणि मी घरी जाऊन जेवलो. ते वाक्य नंतर आठवलं, नेमणुकीचा कागद हातात पडला तेव्हा. जे मी युक्रेनींबद्दल ऐटीत सांगितलं होतं, तेच साहेबांनी हसून माझ्या बोलीबद्दल सांगितलं होतं, आणि मी ‘नाही, साहेब’ म्हणत त्याला होकार दिला होता. फरक एवढाच की धाकट्या भावाच्या जागी मी मास्तरांना उभं केलं.

मास्तरांची नोकरी गेली, आणि पावसाळ्याआधी ते नदीपलीकडे सासुरवाडीला निघाले. सकाळी मी घाटावर गेलो. सामान डोंग्यात चढलं होतं. त्यांची आई आपल्या पायांनी घाटापर्यंत आली, अंघोळीला आल्यासारखी, न अडखळता. पाण्याच्या कडेला आल्यावर मात्र ती थांबली. पुढे पाय कुठे टाकायचा ते तिला ठाऊक नव्हतं. नावाड्याने तिला उचलून आत बसवलं. तिने तेलुगूत लेकाला विचारलं की परत किती वाजता यायचं. तेवढं तेलुगू मला येत होतं.

मास्तर माझ्याजवळ आले. "मला तुमचा राग आलेला नाही, गुरुजी," ते म्हणाले. त्यांचं बोलणं पुन्हा पहिल्यासारखं छापील झालं होतं. "एकच विचारायचे होते. त्या दिवशी तुमचे ‘मले’ कोठे गेले होते?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. ‘मला...’ एवढंच बाहेर आलं. ते ऐकून मास्तर वळून डोंग्यात चढले, आणि नावाड्याने डोंगा ढकलला.