पाणी कुठं मुरतं?

"काका, इथं पाणी कुठं मुरतं?"

चष्मेवाल्या मुलीनं एवढंच विचारलं आणि पंपवाल्याच्या कपाळाला आठी पडली. बिचारा पंपघराच्या दारात स्टुलावर बसून तेलकट फडक्यानं पाना पुसत होता. "कुठंही मुरत नाही!" तो फटकन म्हणाला. "एकोणीस वर्षं इथं आहे मी. माझा कारभार सरळ आहे. ऑफिसात जाऊन विचारा."

मुलगी गोंधळली. तिच्यामागचा उंच मुलगा हसू दाबत म्हणाला, "तसं नाही हो, काका. पावसाचं पाणी. खरंखुरं पाणी!"

कॉलेजात सगळे पंपवाल्याला पाठीमागं शंकासुर म्हणत, ते काही उगीच नाही. पण जन्मतःच कुणी असा नसतो. तरुणपणी तो साबणाच्या कारखान्यात होता. तिथल्या गोडबोल्या मुकादमानं "पत्ता बदललाय ना तुझा, इथं सही कर" म्हणून कागद पुढं केला. यानं न वाचता सही ठोकली आणि तो निघाला राजीनामा! तेव्हापासून हा गृहस्थ बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचतो. बायको म्हणायची, "स्वतःची सावली मागं आली, तरी विचारतील, तुला कुणी पाठवलं?"

स्पर्धेची नोटीस त्यानं तीनदा वाचली होती. पावसाचं पाणी आवारातच जिरवायचं, त्याचा आराखडा विद्यार्थ्यांनी करायचा, नमुन्याचा एक खड्डा खणून दाखवायचा, आणि पहिला येणारा आराखडा कॉलेज खरोखर बांधणार. त्याचा हिशोब साधा होता. पाणी जिरलं की साचणार नाही, साचलं नाही की उपसायला पंप नको. पंप नको तर पंपवाला कशाला? आणि पंपवाला गेला की पंपघरामागच्या दोन खोल्याही गेल्या. या वयात बायकोला घेऊन जायचं कुठं?

"अहो, पोरं आहेत ती," बायको म्हणाली. "अभ्यास करतायत."

"पोरांच्या खांद्यावर बंदूक ठेवलीय कुणीतरी."

"तुमच्यावर बंदूक रोखायला तुम्ही कोण मोठे लागून गेलात?"

तो पाना उचलून पंपघरात गेला.

पोरं मात्र चिकट. रोज यायची, टेप धरायची, तिपाईवरच्या यंत्रातून एक डोळा मिटून बघायची. चौथ्या दिवशी मुलगी त्याच्याशेजारी पायरीवरच येऊन बसली. "काका, अडलंय हो. फाटकाजवळची जागा आणि लायब्ररीमागची जागा, दोन्हीच्या उतारात जेमतेम दोन बोटांचा फरक निघतोय. खड्डा एकच खणता येणार. तुम्ही एवढे पावसाळे बघितलेत. तुम्ही सांगाल ती जागा धरतो."

पंपवाल्याला पाण्याची वाट झोपेतही सांगता आली असती. लायब्ररीमागं! फरशीखालून एक जुनी नाली जाते. ती कुठल्या नकाशात नाही, पण सगळं पाणी ती तिकडं ओढून नेते.

"फाटकापाशी," तो म्हणाला. "डोळे मिटून खणा."

"थँक्यू, काका!" ती उडी मारून उठली. त्याला बरं वाटलं. आराखडा फसला की पंप वाचला. बसा म्हणावं आता बोंबलत.

पुढच्या आठवड्यात ती मोठी गुंडाळी घेऊन आली. "एकदा नजर घाला ना, काका. तुमचंही आहे यात."

झालं! यानं दोन्ही हात पाठीमागं नेले. "मी कशावर सही करत नाही."

"सही नकोय हो."

"मग दाखवता कशाला?"

ती गुंडाळी काखेत घालून गेली. तिचा चेहरा उतरला होता, पण चेहऱ्यांवर विश्वास ठेवायचं त्यानं कधीच सोडलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक मॅडम आल्या. केस पांढरे, पायात रबरी बूट. "कागदावर सगळ्यांचंच पाणी शहाण्यासारखं वाहतं," त्या म्हणाल्या. "टाकीतलं सोडा बघू."

पंप त्यानंच सुरू केला. पाणी फरशीवरून धावत निघालं, फाटकाकडं वळेल असं वाटलं, आणि मधल्याच एका फटीत गडप झालं. पोरांनी महिनाभर राबून खणलेला, खडी-वाळू भरून वर झाडं लावलेला खड्डा कोरडा ठणठणीत राहिला.

"ही जागा कुणी ठरवली?" मॅडमनी विचारलं.

पंपवाल्यानं उत्तर तयारच ठेवलं होतं: मी असं काही बोललोच नाही. मुलीनं त्याच्याकडं पाहिलं. क्षणभरच. मग ती म्हणाली, "आमची चूक झाली, मॅडम. आम्ही नीट तपासलं नाही."

आँ? हिनं माझं नाव का नाही घेतलं? यात हिचा काय डाव? तो तडक स्पर्धेच्या मांडवात गेला आणि फळ्यावर लावलेला पोरांचा आराखडा वाचायला लागला. आकडे, बाण, झाडांची नावं. शेवटच्या कागदावर त्याचं बोट थांबलं.

'देखभाल: जाणत्या माणसानं दर आठवड्याला लक्ष घातलं नाही, तर खड्डा दोन पावसाळ्यांत गाळानं बुजेल. यासाठी सध्याच्या पंपवाल्या काकांची कायम नेमणूक व्हावी आणि पंपघरामागच्या खोल्या त्यांच्याकडेच राहाव्यात.'

त्यानं ते पुन्हा वाचलं. मेख शोधत वाचलं. मेख नव्हती. शेजारच्या फळ्यावर दुसऱ्या गटाचा आराखडा होता: आपोआप चालू-बंद होणारा पंप, माणसाची गरज नाही. शंकासुराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो धावतच बाहेर आला. "मॅडम, चूक पोरांची नाही. जागा मी सांगितली. मुद्दाम खोटी सांगितली. खरं पाणी लायब्ररीमागं जातं, खालून नाली आहे." एवढं बोलताना त्याला धाप लागली.

मॅडमनी त्याला खालीवर न्याहाळलं. "चार वाजेपर्यंत वेळ देते," त्या पोरांना म्हणाल्या. "खरी जागा शोधा. पण पुरावा लागेल. कुणी सांगितलं म्हणून चालणार नाही."

तो पुढं आणि पोरं मागं, अशी वरात लायब्ररीमागं आली. कोपऱ्यातल्या एका फरशीवर त्यानं पाय ठेवला. "इथं. ही उचला. खाली दगडी तोंड आहे नालीचं."

मुलगी फरशीकडं बघत राहिली. मग त्याच्याकडं बघत राहिली.

"पोरी," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, तुम्ही माझ्या पोटावर पाय द्यायला आलात. माझं चुकलं गं. आता खरं सांगतोय, नालीला दुसरं तोंड नाही, सगळं पाणी इथंच येतं."

"बरं, काका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. तिनं पिशवीतून वही काढली आणि तो बोलला तसं लिहून घेतलं. उंच मुलगा पहार आणायला पळाला.

पंपवाल्यानं सवयीनं मान वाकवून वही वाचली. 'नालीचं तोंड लायब्ररीमागं, दुसरं तोंड नाही. माहिती: पंपवाले काका.' आणि त्याच्यापुढं तिनं एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.