फोटोतला घागरा

मला स्वस्थ बसणं कधी जमलं नाही, आणि याडीला रिकामं बसणं. आमच्या बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. माझी याडी कापूस वेचून तांड्यावर आली की हात धुऊन आधी सुई घ्यायची. मी मात्र सुईच्या वाटेला कधी गेले नाही. शिकले, कळमनुरीत एका कचेरीत टंकलेखक झाले, आणि कागदाच्या कामात मला माझ्याहून शहाणं कुणी वाटेनासं झालं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका संस्थेनं याडीचं भरतकाम परदेशातल्या प्रदर्शनाला न्यायचं ठरवलं. सोबत मी, बोलायला आणि लिहायला. कस्टमची भानगड तेव्हा कळली. विकायला न्यायच्या वस्तूंची एक यादी, नुसत्या दाखवून परत आणायच्या वस्तूंची दुसरी. प्रत्येकीचं माप, किंमत, वर्णन, फोटो. परत येताना वस्तू फोटोशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर ती बाहेरून आणलेली समजणार.

पिशव्या, अभ्रे, तोरणं पहिल्या यादीत गेली. दुसरीत एकच वस्तू होती, फेटिया, म्हणजे आमचा घागरा. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी याडी तो सहा वर्षं भरत होती. संस्थेच्या बाईंनी तो पाहिला आणि हट्टच धरला.

"नेते, पण इकत न्हाई," याडी म्हणाली. "पोरीच्या अंगावर चढायचा हाय."

आम्ही परतल्यावर पंधरा दिवसांनी लग्न होतं. घागऱ्याच्या काठाची समोरची हातभर पट्टी तेवढी भरायची राहिली होती. मी तो अंगणात खाटेवर पसरून फोटो काढला, वर्णनात ‘काठाची पट्टी कोरी’ असंही लिहिलं. किती चोख काम केलं, असं माझं मलाच वाटलं.

प्रदर्शन दहा दिवसांचं. लोक यायचे, घागऱ्याकडे बघायचे, मग याडीकडे बघायचे. तिचे हात नुसते शिवशिवत होते. बोटं मोडायची, ओढणीचं टोक गुंडाळायची, सोडायची, आणि घटकेघटकेला विचारायची, "कवा जायाचं?" तिसऱ्या दिवशी मी वैतागले. बाहेर जाऊन रंगीत दोरे आणले आणि तिच्या पुढ्यात टाकले. "घे, भर काहीतरी."

भरायचं राहिलेलं तिच्याकडे एकच होतं. सुई आणि आरसे सामानात होतेच. तिनं घागरा उतरवून मांडीवर घेतला. लोक थांबून बघायला लागले, पिशव्या भराभर खपल्या आणि मी खूश. यादी करणारी मी, फोटो काढणारी मी, तरी डोक्यात एकदाही उजेड पडला नाही.

मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं फोटो पाहिला, घागरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. "पट्टी कोरी लिहिलीय. ही तर भरलेली आहे. वस्तू तीच कशावरून?"

माझंच अक्षर माझ्यापुढे धरलेलं. मी अर्ज देते म्हटलं, वरिष्ठांना भेटते म्हटलं, आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, निर्णय होईपर्यंत घागरा इथंच राहील. महिना-दोन महिने धरा."

"काहून?" याडीनं मला विचारलं. मी सांगितलं. तिनं तो फोटो मागून घेतला, नीट पाहिला आणि सरळ जमिनीवर बसली. सामानातून सुई काढली आणि टाके उसवायला लागली.

"अहो बाई, हे काय करताय?"

"फोटोबराबर करून राहिले, साहेब."

तिकडचा दोरा जास्त चमकायचा. कुठला टाका कधीचा, हे मलासुद्धा कळत होतं. अर्धी पट्टी उसवली तेव्हा अधिकारीच उठून जवळ आला. "पटलं मला. राहू द्या आता. जा तुम्ही."

"न्हाई साहेब. कागद माझ्या पोरीनं लिवलाय. त्यो खोटा कसा पडू देऊ?"

ती उसवत राहिली आणि मी येरझाऱ्या घालत राहिले. मदतीला बसावं तर टाका कसा सोडवतात तेही मला येत नव्हतं. नांदेडची आमची गाडी निघून गेली. शेवटचा आरसा निघाला, मग कागदावर शिक्का पडला. वस्तू तीच.

लग्नाला अजून दिवस होते. मी तिच्यापुढे घरचे दोरे ठेवले, पण ती त्या पट्टीत पुन्हा सुई घालायला तयार होईना. भोकं पडलीत, कापड फाटेल म्हणाली. बहीण तोच घागरा घालून लग्नाला उभी राहिली. कोऱ्या पट्टीवर भोकांच्या ओळींत अख्खी नक्षी दिसत होती. बायका वाकून बघायच्या. "इथंच काहून सोडलं गं?"

मला तिथं उभं राहवेना. मी पंगतीत वाढायला पळाले. तेवढ्यात आणखी कुणीतरी विचारलं आणि मागून याडीचा आवाज आला, अगदी साधा.

"तेवढं कागदात नव्हतं."