न पाहिलेल्या दवाखान्याला पाच तारे

मुंबईत राहणाऱ्या महाड-पोलादपूरकरांनो, गावाकडे धड डॉक्टर मिळत नाही, ही आपली सगळ्यांची जुनी तक्रार. आज मात्र मला किळस आली ती आपलीच.

माझी पुतणी सुवर्णा आठ महिन्यांची गरोदर आहे. पाय सुजले म्हणून तिनं मोबाइलवर महाडमधला सर्वांत जास्त तारे असलेला दवाखाना शोधला आणि आज सकाळी दहाची वेळ घेतली. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून एसटीनं धक्के खात आली. मी गावीच होतो, सोबत गेलो.

डॉक्टर नव्हते.

"ते गुरुवारीच येतात," काउंटरवरची बाई म्हणाली.

"मग आजची वेळ कशी दिलीत?"

"ती मोबाइलवर आपोआप मिळते. जाताना पाच तारे द्या हां!"

बाकावर बसून सुवर्णानं त्या ताऱ्यांखालची नावं वाचली. "काका, ही तर सगळी आपल्या मुंबईच्या गावकरी मंडळातली माणसं हायत. ह्यातलं कोण कधी इथं आलंय?" मग हळूच म्हणाली, "तुमचं पण नाव हाय."

होतं. 'उत्तम उपचार', असं मी परळमध्ये बसून लिहिलं होतं. गावच्या पोराचा दवाखाना, सगळ्यांनी तारे द्या, असा मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला आणि आपण अभिमानानं खोटी साक्ष दिली.

तिला सरकारी रुग्णालयात नेलं. रक्तदाब भलताच वाढलेला होता, लगेच दाखल करून घेतलं. ती अजून तिथंच आहे.

माझे तारे मी रुग्णालयाच्या पायरीवर बसून काढले. ज्या दवाखान्याची पायरी तुम्ही चढला नाहीत, त्याला दिलेले तुमचे तारे आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर काढा.