सॅम्पल फ्लॅटची घरमालकीण

ज्या फ्लॅटमध्ये तिचा सगळा दिवस जायचा, तिथल्या एकाही नळाला पाणी नव्हतं. टीव्ही पुठ्ठ्याचा, फ्रीज म्हणजे रिकामी पेटी. कपाटातल्या पुस्तकांना फक्त पाठी होत्या, आत थर्माकोल. टोपलीतली सफरचंदं प्लास्टिकची होती, तरी त्यातल्या एकावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या. खरी इमारत अजून जमिनीतून वर यायची होती. तोवर गिऱ्हाइकांना भुरळ पडावी म्हणून बिल्डरने ऑफिसच्या मागे हा नमुन्याचा फ्लॅट उभा केला होता. तो पुसायचा, नीट लावायचा आणि आलेल्यांना हिंडून दाखवायचा, ही तिची नोकरी. ऑफिसातली माणसं तिला ‘घरमालकीण’ म्हणायची. पुढे तेच तिचं नाव झालं.

घरमालकिणीला त्या फ्लॅटची सगळी लबाडी ठाऊक होती. खोल्या मोठ्या वाटाव्यात म्हणून पलंग मुद्दाम आखूड बनवून घेतलेला होता. सोफ्यावर दोन माणसं टेकली की तिसऱ्याने उभंच राहायचं. खोल्यांना दारं बसवलेलीच नव्हती, कारण दार उघडायला जागा लागते. गिऱ्हाइकाने पलंगावर बसायचं नाही, असा नियम होता. ‘चादरीची घडी मोडते’ एवढं तिने गोड आवाजात सांगितलं की माणसं ओशाळून मागे सरायची.

आपण लोकांना फसवतोय असं तिला कधी वाटलं नाही. फसायला लोक घरूनच आंघोळ करून येत. आत शिरताच त्यांचा आवाज खाली यायचा, जणू कुणी झोपलंय. मग पुरुषमाणूस स्वयंपाकाच्या ओट्यावर तळवा फिरवायचा, घोड्याची पाठ थोपटावी तसा. ओले कपडे कुठे वाळत घालायचे, हे कुणी विचारत नसे. पाहुणा आला तर झोपेल कुठे, हेही नाही. ‘आत येणाऱ्याला आधी हा झुंबरवाला हॉलच दिसेल ना?’ हे मात्र हटकून विचारत. एका जोडप्याने बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे मोजले आणि लगेच विचारलं, ती काचा लावून बंद करून मिळेल का.

‘राजेशाही जगणं’ असं बाहेरच्या फलकावर लिहिलं होतं. ते लिहिणाऱ्या बिल्डरला गरम चहा गरम असेपर्यंत पिताना तिने एकदाही पाहिलं नव्हतं. कप तोंडाशी न्यायचा, फोन वाजायचा, साय धरायची. तो राजा असेल तर असो, असं म्हणून ती तो थंड चहा मोरीत ओतायची.

तिचा नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. अंगाने ताडमाड, स्वभावाने शांत. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, मागे दोन खोल्या आणि थोडी मोकळी जागा. मशिन तेलपाणी होऊन सुरळीत पळायला लागलं की तो त्याचा आवाज ऐकत नुसता बसायचा. दुपारी शटर अर्धं ओढायचा, गरम जेवायचा आणि घोरत पडायचा. गिऱ्हाईक आलंच तर शटरखालून वाकून बघायचं आणि परत जायचं. आख्ख्या हयातीत त्याला ‘उशीर का झाला?’ असं कुणी विचारलेलं नव्हतं. एवढं ऐश्वर्य त्या फलकवाल्याच्या सात पिढ्यांना परवडलं नसतं. पण मिस्त्रीला ते दिसत नव्हतं. त्याला दिसत होता फ्लॅट.

बिल्डर आपल्या माणसांना सवलत देतो, हे कळल्यापासून त्याच्या डोक्यात तेच भरलं होतं. घर विकायचं, वर हप्ते भरायचे. इमारतीत दुकान चालणार नाही, म्हणून त्याने कपड्याच्या कारखान्यात नोकरीचं बोलणंही परस्पर करून ठेवलं. पाळीची नोकरी, दारात हजेरी. हे त्याने जेवताना सहज सांगितलं, मीठ मागावं तसं.

“दुपारचं काय?” तिने विचारलं.

“दुपारचं काय म्हणजे? जग काय दुपारी झोपतं?”

“जगाला झोप लागत नाही म्हणून ते नाही झोपत. तुम्हाला लागते.”

“तू ना, दिवसभर त्या फ्लॅटमध्ये बसून चावट झाली आहेस.”

घर दोघांच्या नावावर होतं, म्हणजे तिच्या होकाराशिवाय विक्री अडणार होती. होकार द्यायच्या आधी त्याने एकदा फ्लॅट बघावा, असं तिनेच सुचवलं. तो बघितल्यावर डोळे उघडतील अशी तिची भाबडी कल्पना होती. इतकी वर्षं माणसं हिंडवूनही ती एवढी भाबडी राहिली होती, हे नवलच.

तो इस्त्रीचा शर्ट घालून, नखांतलं तेल घासून आला. ऑफिसातली माणसं बघत होती, म्हणून तिने रीतसर हात पुढे केला. “या सर.”

मिस्त्री लाजला. मग आत शिरला, आणि त्याचा आवाज खाली आला.

“अगं, केवढं आहे हे,” तो पुटपुटला. त्याने ओट्यावर तळवा फिरवला. झुंबराखाली उभा राहून मान वर केली. ज्या माणसांना ती रोज मनातल्या मनात शेलक्या शिव्या घालायची, त्यांतलाच एक तिच्या घरात जेवत होता, आणि तिला आज कळत होतं.

“सुट्टीत लेक आली की कुठे झोपेल?” तिने विचारलं.

“हॉलमध्ये. एवढा मोठा आहे की.”

“या इकडे. आडवे व्हा.” तिने पलंगाकडे बोट केलं.

“नियम आहे ना तुमचा?”

“नियम गिऱ्हाइकाला. तुम्ही व्हा आडवे.”

तो बूट काढून झोपला. डोकं उशीवर, आणि पोटऱ्यांपासून पुढचे पाय पलंगाबाहेर, पाणी न येणाऱ्या न्हाणीघराच्या दिशेने. ती बघत राहिली. आता तरी हा हसेल, उठेल, ‘चल घरी’ म्हणेल.

मिस्त्रीने पायांकडे पाहिलं, थोडा विचार केला, गुडघे पोटाशी घेतले.

“पायांचं काय एवढं,” तो म्हणाला, “दुमडता येतात.”

ती बाहेर गेली. बिल्डरसाहेबांनी विचारलं, “काय मग, आवडला का मिस्त्रींना?”

“त्यांना आवडला. आम्ही घेत नाही. दुसऱ्या कुणाला द्या.”

परतताना स्कूटरवर मिस्त्री फुगून बसला होता. गल्लीच्या तोंडाशी तोंड उघडलं.

“लोक काय म्हणतील? स्वतः विकते आणि स्वतः घेत नाही!”

“लोकांनी काय म्हणायचं ते मीच त्यांना शिकवते. त्याचाच पगार घेते.”

“सगळे वर चढताहेत, आपण मात्र तिथेच.”

“आधी स्कूटर नीट चालवा. आणि कारखान्यात कळवून टाका. तुम्हाला हजेरी द्यायची हौस असेल तर मला देत जा.”

काही दिवस घरात अबोला चालला. त्यातही दुपारी शटर अर्धं खाली येत होतं आणि घोरणं भिंतीपलीकडे ऐकू जात होतं. रागावलेल्या माणसालाही एवढी झोप लागते, याचा अर्थ त्याला लागला नाही.

मग तिच्या सुट्टीच्या दिवशी मशिन न्यायला आलेल्या शिंप्याने पुढच्या खोलीत विषय काढला. “मिस्त्री, फ्लॅट घेणार होतात म्हणे?”

“छे!” मिस्त्रीचा आवाज अगदी खणखणीत. “बघून आलो ना. भिंती पोकळ आहेत सगळ्या. ही तर हट्टाला पेटली होती. मीच म्हटलं, नको. माणसाला ऐसपैस पाय पसरता आले पाहिजेत.”

“वाचलात म्हणायचं.”

“मग! आपल्याला कळतं त्यातलं.”

आतल्या खोलीत घरमालकीण लोळत पडली होती. बाहेर जाऊन शिंप्यादेखत त्याचं पितळ उघडं पाडणं हा एका वाक्याचा मामला होता. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण त्यासाठी उठावं लागलं असतं. तिने कूस बदलली.