सुतकातली मालीश

वडील गेले त्याच्या आदल्या दिवशी मी पिंपळे गुरवच्या एका क्लिनिकमध्ये गालांत इंजेक्शनं घेत होतो. वडिलांनी सकाळीच फोन करून विचारलं होतं, येतोस का. मी सांगितलं, कंपनीत ऑडिट आहे.

चाकणच्या आमच्या कंपनीत नवे साहेब माझ्या भाच्याच्या वयाचे. एकाने मीटिंगमध्ये हसत विचारलं होतं, "काय राव, झोप होत नाही का?" माझ्या बसलेल्या गालांवरचं ते बोलणं मला लागलं. डॉक्टरांनी समजावलं की या औषधाचे कण कातडीखाली बसतात, शरीर त्यांना परकं समजून भोवती कोलॅजन नावाचं प्रथिन तयार करतं आणि काही महिन्यांनी गाल भरून येतात. सुई आत सरकताना करकर ऐकू आली. तेव्हाच किळस यायला हवी होती.

पथ्य एकच. पाच दिवस, दिवसातून पाचदा गाल चोळायचे, नाहीतर गाठी होतील.

दुसऱ्या दिवशी गावाहून आक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. अग्नी देऊन आल्यावर मी ओसरीवर बसलो. माणसं भेटायला येत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, डोक्यात गाठींची भीती होती. टॉवेल तोंडावर घेऊन मी गाल चोळू लागलो. माझा लाल, सुजलेला चेहरा बघून चुलते म्हणाले, पोराचा बापावर लई जीव. बायका मला बघून रडल्या. मी चोळत राहिलो.

सावडून आलो त्या दिवशी आक्का शेजारी बसली. तिने माझे दोन्ही हात ओढून मांडीवर घट्ट धरले.

"पुरं आता. कातडं निघंल गालाचं. आप्पा शेवटपातूर तुलाच इचारीत व्हते, झालं का त्याचं ऑडिट म्हणून."

रडू तेव्हा यायला हवं होतं. मला आठवलं ते एवढंच, की दुपारची मालीश राहिलीय. हातपाय धुतो म्हणून मी हात सोडवले, न्हाणीची कडी लावली आणि गाल चोळले.

आता गाल भरलेत. गाठ कुठेच नाही. साहेब म्हणतात, फ्रेश दिसता. मी किती रडलो ते आक्का अजून पाहुण्यांना सांगते आणि सांगता सांगता माझ्या गालावरून हात फिरवते. त्या हाताखालच्या कातडीची मला शिसारी येते.